पारपटल निवळताना

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर काही महिन्यांचं बाळ आहे. आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलंय. उजेडाकडे वळवलं की डोळे घट्ट मिटतं. गालावर पाणी ओघळतं, पण बाळ रडत नाहीये.

क्षणभर डोळे उघडतात. पाहा.

मोठे आहेत. येणारा-जाणारा म्हणतो, किती टपोरे डोळे! त्या कौतुकापाशी जरा थांबा. नवजात बाळाचं पारपटल, म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल, साधारण १० मिलिमीटर रुंद असतं. इथे ते १२ ओलांडून गेलंय. आणि त्यावर धुकं आहे, काचेवर श्वास सोडल्यावर धरतं तसं.

हा जन्मजात काचबिंदू.

आता डोळ्याच्या आत लक्ष न्या. हळूच. तिथे एक स्वच्छ द्रव पाझरत असतो, दिवसरात्र. कडेच्या बारीक जाळीतून तो बाहेर पडतो. या बाळाची जाळी गर्भातच अपुरी राहिली. द्रव येतो, साचतो. डोळ्यातला दाब वाढतो. बाळाच्या डोळ्याचं आवरण मऊ. ते ताणत जातं.

पुन्हा एक श्वास.

आंध्र प्रदेशात साधारण ३,३०० जन्मांमागे एका बाळाला हा आजार आढळला आहे. आकडा ऐका आणि सोडून द्या. आपण एकाच डोळ्यापाशी आहोत.

भूल दिली आहे. बाळ निजलंय. डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटीशी झडप उचलतात. तिच्याखालच्या सूक्ष्म नळीत वळलेली बारीक सळई सरकते, आत फिरते. जाळी उघडते. मग त्याच झडपेखाली द्रवाला बाहेर पडायला आणखी एक खिडकी.

एका भुलीत दोन वाटा.

ही जोडशस्त्रक्रिया बाहेरून होते, म्हणून पारपटल धुकट असलं तरी अडत नाही. आपल्याकडची किती तरी बाळं डोळा धुकटल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल आणि सहकाऱ्यांनी महिन्याच्या आतल्या बाळांवर ही शस्त्रक्रिया केली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

महिन्याच्या आतलं बाळ. तेवढा डोळा मनात धरा. घाई नको.

दिवस जातात. बहुतेक बाळांचा दाब उतरतो. धुकं विरत जातं. आत, दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी दाबाने पडलेला खळगा लहान वयात पुन्हा उथळ होऊ शकतो. मोठ्यांच्या काचबिंदूत असं क्वचितच घडतं. इथे थोडा वेळ राहा.

आणि जे परत येत नाही, तेही पाहा. फार ताणलेला डोळा पुरता मागे येत नाही. पारपटलाच्या आतल्या अस्तराला गेलेले तडे रेषा होऊन राहतात. चष्म्याचा नंबर राहतो.

दाब आटोक्यात आला की कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी ठरते. आई मात्र विचारते, ‘दिसतंय ना त्याला?’ मला तिचाच प्रश्न खरा वाटतो. त्याचं उत्तर त्या आठवड्यात मिळत नाही. बघायला मेंदू शिकतो, आणि त्याची शिकायची वर्षं थोडीच असतात.

म्हणून घरात पाहा. दुपार आहे. इलॅस्टिकने बांधलेला चष्मा. बऱ्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे दुसरा डोळा बघायला शिकेल. मूल ती ओढून काढतं. आई पुन्हा लावते. ते पुन्हा ओढतं. ती पुन्हा लावते, आणि लाल वाटी समोर धरते.

मूल थबकतं. वाटीकडे वळतं.

श्वास घ्या. सोडा.

आता वरची पापणी किंचित उचललेली कल्पा. तिथे फिकट, नाजूक फुगवटा आहे. नव्या वाटेने आलेला द्रव त्याखाली झिरपतोय. काही वर्षांनी ही वाट बुजू शकते, म्हणून दाब तपासणं जन्मभर चालतं. आणि हा फुगवटा पातळ असतो. जंतू तिथून आत शिरू शकतात. मूल शाळेत जाऊ लागलं, कॉलेजात गेलं, तरी डोळा लाल झाला, दुखला, चिपडं आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.