चपलेचा विटाळ कुणाला?

ऑफिससाठी कोणती सपाट चप्पल घ्यावी, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. मी नेरुळला राहते, लोकलने सीबीडी बेलापूरला उतरते आणि एका सरकारी कचेरीत फायली घेऊन दिवसभर जिने चढते-उतरते. उंच टाचा माझ्या कामाच्या नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं, त्यात स्लीपर घालून यायचं नाही असं स्पष्ट होतं. बायकांना चप्पल, सँडल, बूट चालतील. म्हणजे पायाला सोपी आणि चारचौघांत नीटस दिसेल अशी जोडी हवी. त्याला कोल्हापुरीसारखं दुसरं काही नाही.

सुती साडीवर मी बारीक वेणीची, कातड्याच्या मूळ तपकिरी रंगाची कापशी कोल्हापुरी घालते. गडद रंगाच्या कुर्त्यावरही तीच शोभते. पँट घातली की पुढून बंद असलेली जुती बरी दिसते. रविवारी खारघरच्या टेकडीकडे फिरायला जायचं असेल तर मागे पट्टा असलेली सँडल, कारण उतारावर कोल्हापुरी पायातून सटकते. टाच दुखत असेल तर अगदी सपाट तळ घेऊ नये, टाचेखाली एक जादा थर असलेली जोडी मागावी. पावसाळ्यात मात्र कातडी जोडी कागदात गुंडाळून कपाटात, आणि पायात रबराची सँडल. नवी जोडी अंगठ्याला चावते, तिथे आतून थोडं तेल लावलं की दोन-चार दिवसांत ती पायाची होते.

एवढ्या विचाराने निवडलेली ही जोडी संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेर काढते. नेरुळच्या बालाजीला गेलं तरी ती बाहेरच. हा नियम मला मान्य आहे. स्टेशनची घाण देवापुढे आणि ताटापुढे नेऊ नये, यात न पटण्यासारखं काय आहे? पण रामाच्या पायांतल्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या आणि चौदा वर्षं त्यांच्या नावाने राज्य चालवलं. आळंदी-देहूहून पालख्या निघतात त्याही पादुकांच्याच. नृसिंहवाडीला कृष्णेच्या काठी लोक दत्ताच्या पादुकांवर डोकं ठेवतात. तेव्हा पायातली वस्तू मुळात अपवित्र, असं आपला धर्मही म्हणत नाही. अपवित्र असते ती तिला लागलेली धूळ, आणि धूळ झटकता येते.

मग ज्या हातांनी ती शिवली, ते हात पिढ्यान्‌पिढ्या बाहेर का राहिले?

माझं आजोळ कागल तालुक्यातलं. चप्पल शिवून आणणारे मामा यायचे, आजी त्यांचं काम वाखाणायची, घासाघीस न करता पैसेही द्यायची. पण पैसे वरून टाकायची, हातात ठेवायची नाही. आजी प्रेमळ होती, रोज पोथी वाचायची. तिला यात काही वावगं दिसलं नाही, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच. धुळीसाठी केलेला नियम माणसाला लावला जातो, तेव्हा तो लावणाऱ्याला आपण धर्मच पाळतो आहोत असं वाटत असतं.

हा प्रश्न बाराव्या शतकात कल्याणमध्ये कुणीतरी जिवावर घेतला होता. आज आपण त्या गावाला बसवकल्याण म्हणतो, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेलगतचं. हरळय्या नावाच्या चर्मकार शरणाने, म्हणजे शिवभक्ताने, संत बसवण्णांना नमस्कार केला आणि त्यांनी त्याला दुप्पट नमस्कार केला. ते ऋण फेडायला हरळय्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्यांच्यासाठी जोडे शिवले, अशी कथा आहे. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी लावले. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झालं, आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहांत शासन दिलं. जोडे मस्तकी लावलेले समाजाने खपवून घेतले, सोयरीक नाही.

आमच्या नेरुळात गुरुद्वाराही आहे. तिथल्या जोडाघरात आपले जोडे कुणीतरी दोन्ही हातांनी घेतं आणि पुसून परत देतं. तो कुणाच्या जातीचा धंदा नाही, सेवा आहे. मोठ्या घरची माणसंही ती मागून घेतात. आणि आत ज्या ग्रंथापुढे सगळे माथा टेकतात, त्या गुरु ग्रंथसाहिबात काशीच्या संत रोहिदासांची 40 पदं आहेत. जोडे बाहेर राहिले, जोडे शिवणारा आत गेला. उंबऱ्याचा खरा अर्थ मला तिथे कळला.

कातड्याचा प्रश्न उरतो, तो मी टाळत नाही. माझी एक जैन मैत्रीण कापडी जुतीच घालते. तिच्या साधूंचे अनवाणी पाय जिवाला जपण्यासाठीच असतात. दुसरीकडे विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे: चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, ते पाहून बुद्धाने भिक्खूंना एका थराचे जोडे घालायची परवानगी दिली. करुणा दोन्हीकडे आहे. मैत्रिणीचा निर्णय मला आदराचा वाटतो. माझा कल मात्र बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या, कातड्याच्याच दोऱ्याने शिवलेल्या जोडीकडे आहे. ती वर्षानुवर्षं टिकते, उसवली तर पुन्हा शिवता येते. रेक्झिनची स्वस्त जोडी एका हंगामात तुटते आणि कचऱ्यात तशीच पडून राहते.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. आपण सगळे संतापलो, आणि तो संताप योग्यच होता. पुढे कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. पण आपल्या स्वतःच्या पायातली जोडी कुणी शिवली, ते आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं? कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. मानांकन जिल्ह्यांना मिळालं, नाव मात्र शिवणाऱ्या माणसाचं हवं.

आता संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने जोडीवर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे; मोबाइल धरला की कारागिराचं नाव आणि जिल्हा दिसतो. बायांनो, पुढची चप्पल घ्याल तेव्हा तो कोड बघा. कोड नसेल तर दुकानदाराला विचारा की ही कुणी शिवली. किमतीत घासाघीस करू नका. आणि शिवणारा समोर बसलेला असेल, तर पैसे त्याच्या हातात द्या.