शोध आणि संशय

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही सहा-सात मित्र सेमाडोहला गेलो होतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीकाठी वसलेले मेळघाटातले हे छोटे गाव. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे आम्हाला तिथेच कळले. रात्री वीज गेली की करायला काही नसे. एकाने इब्ने सफींची जुनी कादंबरी बरोबर आणली होती. कंदिलाजवळ बसून तो उर्दूतून वाची आणि ज्यांना ती लिपी येत नाही त्यांना मराठीत सांगे. कर्नल फरिदी शेवटी गुन्हेगाराला सर्वांसमोर उघडे पाडतो, तिथे आम्ही लहान मुलांसारखे खूश झालो.

दुसऱ्या सकाळी एकाच्या पाकिटातले दीड हजार रुपये नाहीसे झाले होते.

आम्ही सगळेच क्षणात फरिदी झालो. चहा-पाणी आणून देणारा एक कोरकू मुलगा होता. त्याचे नाव कोणी घेतले नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळल्या. त्याची पिशवी आम्ही उघडून पाहिली. आत एक सदरा, कंगवा आणि बिस्किटांचा पुडा. त्याने पिशवी बांधली आणि चहाचे पैसे न घेताच तो निघून गेला. परतताना घाट उतरल्यावर कळले की पैसे आमच्यातल्याच एकाने घेतले होते. घरची अडचण होती म्हणे. प्रकरण गाडीतच मिटले. गाडी मागे फिरवू या, असे कोणी म्हणाले नाही. आम्हीही नाही.

तेव्हापासून रहस्यकथांकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड पिढ्यांनी वाचले. उर्दूत 1952 साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि आपल्या मोहल्ल्यांतून ती हातोहाती फिरली. या कथांचा वाचकाला मोठा आधार असतो. शेवटच्या पानावर चोर सापडतो आणि बिघडलेले जग पुन्हा ठाकठीक होते. शोधणारा मात्र पहिल्या पानावर जसा स्वच्छ होता तसाच शेवटी असतो.

अमेरिकेत 1920 नंतर ‘ब्लॅक मास्क’ या मासिकातून वेगळ्या जातीची गुप्तहेरकथा पुढे आली. डॅशिएल हॅमेट हा तिचा एक प्रमुख लेखक. तो स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरीला होता, म्हणून गुन्हा कसा होतो आणि कसा दडपला जातो हे त्याने जवळून पाहिले होते. पुढे रेमंड चँडलर आला. 1946 साली फ्रेंच समीक्षकांनी याच वळणाच्या अमेरिकन चित्रपटांना ‘नुआर’, म्हणजे काळे, असे नाव दिले. या कथांची खूण म्हणून पाऊस, टोपी, सिगारेट आणि पिस्तूल सांगितले जाते. आमच्या मते ती नुसती वेशभूषा आहे.

खरी खूण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे, गुन्हेगार सापडल्याने जग दुरुस्त होत नाही. गुन्हा एका वाईट माणसापुरता नसतो, तो पैसा, पोलीस आणि सत्ता यांच्या व्यवहारातच मुरलेला असतो. दुसरे, शोधणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. हॅमेटच्या 1929 च्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीतला हेर एक सडलेले शहर साफ करायला निघतो, टोळ्यांना एकमेकांवर सोडतो आणि मग त्याला स्वतःचीच भीती वाटू लागते, कारण रक्तपात त्याच्या अंगवळणी पडत चाललेला असतो.

मराठीत हा काळोख आम्हाला श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेत भेटला. तिच्यावरूनच 1983 चा ‘अर्ध सत्य’ निघाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला वेलणकर हा प्रामाणिक पोलीस अधिकारी. रामा शेट्टीसारख्या गुंडाला तो हात लावू शकत नाही, आणि तो सगळा राग कोठडीतल्या एका किरकोळ आरोपीवर निघतो. तो आरोपी मरतो. जिथे हात पोचत नाही तिथला राग हात पोचतो तिथे काढणे, हे माणसाचे जुने दुखणे आहे. सेमाडोहला आम्हीही दुसरे काय केले होते?

इथे एका शब्दाची आठवण होते. जासूस आणि तजस्सुस हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. कुरआनच्या अल-हुजुरात अध्यायात (49:12) फार संशय घेऊ नका आणि एकमेकांच्या गोष्टी हुडकत बसू नका, अशी ताकीद आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. रात्री गस्त घालताना ते भिंत चढून एका घरात उतरले आणि तिथल्या माणसाला मद्यासह पकडले. तो म्हणाला की मी एक गुन्हा केला, पण आपण तीन केले. हेरगिरी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाहीत. खलिफांनी ते मानले व ते परत फिरले.

मग शोध घेऊच नये का? असे म्हणणे सोयीचे आहे, पण खोटे आहे. खुनाचा तपास व्हायलाच हवा. मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी, शबे-बारातच्या दिवशी स्फोट झाले. बळी गेलेले बहुतेक आपले होते, आणि पुढे अटकही आपल्याच नऊ जणांना झाली. 2016 साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एकाचा मृत्यू झाला होता. मेलेल्यांनाही न्याय खऱ्या शोधानेच मिळतो. संशयाने फक्त हाताशी असलेला माणूस मिळतो. पुरावा माणसाकडे नेतो तेव्हा तो शोध. माणूस आधी ठरवून पुरावा धुंडाळला की तो तजस्सुस.

संशयाची नजर अंगावर झेलणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नाव ऐकून घर नाकारले जाते तेव्हा आपण कळवळतो. पण ज्याच्या अंगावर वार झाला तो दुसऱ्यावर वार करणार नाही, ही आमची समजूत सेमाडोहला खोटी ठरली. पिशवी उघडताना आम्हाला आमचे स्वतःचे दिवस आठवले नाहीत. काळ्या रहस्यकथेचे आमच्यावर ऋण आहे ते हेच. संशयितांच्या यादीत शोधणाऱ्याचेही नाव असते, हे तिने दाखवले.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा सेमाडोहला गेलो. माफी मागायची होती. त्या मुलाची चौकशी केली तेव्हा लोकांनी विचारले, “नाव काय त्याचे?”

त्याच्या पिशवीत काय होते ते आम्हाला नीट आठवत होते. नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते.