वाढपी कोणी व्हावे?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, योहान ४:५-१५

समाजसेवेविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते. नाताळात चादरी वाटल्या जातात, तरुण संघ आरोग्य शिबिर भरवतो, महिला मंडळ मूठमूठ धान्य गोळा करते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु एक प्रश्न आपण क्वचित विचारतो : ज्याची सेवा करायची, त्याला स्वतःला सेवक होण्याचा अधिकार आहे की नाही? पंक्तीत वाढणारे नेहमी एक आणि पान मांडून बसणारे नेहमी दुसरे, अशीच देवाची योजना आहे काय?

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीपुढे हाच प्रश्न उभा राहिला. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हयगय होऊ लागली आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही, किंवा आपल्या मर्जीतली माणसेही नेमली नाहीत. त्यांनी मंडळीलाच आपल्यातून सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे आपण शब्बाथ शाळेत पाठ करून घेतो, पण ती सगळी ग्रीक आहेत हे मुलांना सांगायचे राहून जाते. यावरून असे दिसते की, ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाढपी झाले. मंडळीने त्यांना नुसते जेवण दिले नाही. पळी त्यांच्या हाती दिली.

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील मेहकरसारख्या सीमेवरच्या गावाला हा उतारा फार समजावून सांगावा लागू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. या पट्ट्यात अनेकांच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. भाषेच्या उंबरठ्यावर माणूस अडला की हयगय व्हायला कोणाचा दुष्टपणा लागत नाही. त्याचे म्हणणे ऐकणारा कोणी नसला म्हणजे पुरे. याच जिल्ह्यातील बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी कायक आणि दासोह ही शिकवण दिली. प्रत्येकाने कष्ट करावेत आणि त्या कष्टांतून समाजाला द्यावे, हा तिचा गाभा. त्यात गरिबातल्या गरीब श्रमकऱ्यालाही दाता होता येत होते.

आपल्याच काळात आणि आपल्याच ख्रिस्ती समाजातील दोघांनी ही गोष्ट करून दाखवली. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य. वडाळा येथील मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, बरा होऊन घरी गेलेला रोगी पुन्हा त्याच दुखण्याने परत येतो, कारण दुखण्याचे मूळ घाण पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात आहे. १९७० साली त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरंभी त्यांनी खेड्यांत शिकलेल्या परिचारिका पाठवल्या. ते जमले नाही. परिचारिका बाहेरच्या, गावाला त्या आपल्या वाटेनात. मग त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग यांची काळजी घेत. गावोगावी शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ साली तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९९६ पर्यंत ही संख्या २६ वर आली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच प्रकल्पातील मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातील मोठी झुंबरे दाखवून त्या अशा अर्थाचे म्हणाल्या की, मोठी इस्पितळे या दिव्यांसारखी आहेत, सुंदर पण महाग; आम्ही लहान पणत्या आहोत, पण एका पणतीवरून दुसरी पेटते. ज्या समाजाने या स्त्रियांना शेवटच्या पंक्तीतही नीट बसू दिले नव्हते, त्या समाजाच्या बाळंतिणी त्यांच्या हाती सुखरूप झाल्या. यात औषधापेक्षा मोठे काहीतरी घडले असे आम्हांस वाटते.

प्रभु येशू सूखार गावच्या विहिरीवर बसला तेव्हा त्याच्यापाशी जिवंत पाणी होते. तरी त्याने आधी दिले नाही, मागितले. शोमरोनी स्त्रीकडे त्याने प्यायला पाणी मागितले आणि तिला देणारी केले. दिवस मावळण्याआधी ती सबंध गावाला बोलावून आणणारी झाली. आपल्या दानधर्मात हे मागणे कुठे आहे? ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण मनातल्या मनात आपल्या बरोबरीचा मानत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. गरिबालाही सेवेचा मान आहे असे म्हणता म्हणता त्याच्याकडून फुकट राबवून घेणे फार सोपे असते. शासनाने २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या. जामखेडच्या विचाराशी या योजनेचे नाते सहज दिसते. परंतु त्यांना स्वयंसेविका म्हणून पगाराऐवजी मानधन दिले जाते, आणि ते वाढवून घेण्यासाठी महाराष्ट्रात व कर्नाटकात त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी आपला वेळ अर्पण करावा, हे स्वयंसेवेचे खरे रूप. जिची चूल त्याच कामावर पेटते, तिच्या मजुरीला सेवेचे गोड नाव देऊन ती कमी करणे ही सेवा नव्हे. मजुरांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असा इशारा याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दिलेला आहे. त्याचप्रमाणे लोकांनी पुढाकार घेतला म्हणून सरकारी दवाखाना आणि पाणीपुरवठा यांची जबाबदारी सरकारच्या शिरावरून उतरत नाही. सात वाढपी नेमले म्हणून मंडळी कोठार भरण्याच्या कर्तव्यातून मोकळी झाली नव्हती.

तर मग आमच्या मंडळ्यांनी काय करावे? पुढचे शिबिर ठरवण्यापूर्वी वस्तीत जाऊन बसावे आणि लोकांना काय हवे ते विचारावे. समितीत ज्यांच्यासाठी काम आहे त्यांतले निदान दोघे-तिघे असावेत. त्यांच्या भाषेत सभा चालावी आणि हिशेब त्यांच्यापुढे मांडला जावा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाला केवळ बक्षिसाची वही देऊ नये. वह्या वाटण्याचे कामही द्यावे. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल तो या लेखाहून चांगला धडा ठरेल.

यरुशलेमेच्या त्या निवडीनंतर देवाचे वचन पसरत गेले, असे लूक लिहितो. पळी दुसऱ्याच्या हाती देणे कठीण असते, कारण तिच्याबरोबर आपला मानही थोडा जातो. तो सोडण्याची कृपा प्रभु आम्हां सर्वांस देवो.