आजचं चिंतन : अभय आणि सोसायटीतली भुतं



आजचा श्लोक गीतेच्या सोळाव्या अध्यायातला पहिलाच. भगवंत दैवी संपत्तीचे गुण सांगायला बसतात आणि सुरुवात करतात अभयापासून. दान, सत्य, दया हे सगळे नंतर.

हाच श्लोक निवडायला कारण घडलं. आमच्या सावेडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आहे, लहान मुलं भुतांचे कपडे घालून घरोघरी येतील, चॉकलेटं तयार ठेवा. दहा मिनिटांत दोन तट पडले. एका काकांनी लिहिलं, "ज्ञानोबांच्या नेवाशाच्या जिल्ह्यात ही थेरं कशाला?" एका ताईंचं उत्तर, "काका, तासभर खेळू द्या की पोरांना." माझी मुलगी पाच वर्षांची. तिला भूत व्हायचंय, आणि रात्री बाथरूमला मात्र ती एकटी जात नाही. म्हणजे प्रश्न माझ्या घरातलाच होता.

काकांचा मुद्दा आधी घेऊ. हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांबरोबर ती अमेरिकेत रुजली आणि सिनेमा, मॉल करत आपल्याकडे आली. नाव परकं आहे, मान्य. पण भीतीला रूप देऊन तिच्याशी खेळणं आपल्याला नवीन आहे का? नरक चतुर्दशीला आपण पायाखाली कारीट चिरडून नरकासुर मारतो. गोव्यात त्याचे अक्राळविक्राळ पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. २०२४ साली तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती! आणि आपल्या महादेवाचे गण कोण? भुतंच ना!

म्हणून 'आपलं की परकं' एवढ्यावर मला निर्णय घेता येईना. श्लोकाने दुसरा प्रश्न हातात दिला: या खेळातून मूल घरी येईल तेव्हा त्याची भीती वाढलेली असेल की कमी झालेली?

शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी या 'अभय' शब्दावर एक दृष्टांत दिलाय. पाणी मिठाला बुडवायला येतं, तर मीठच पाणी होऊन जातं. आता बुडवणार कोणाला? दुसरं कोणी उरलंच नाही की भय संपतं. अर्थात चादर पांघरल्याने अद्वैत येत नाही, हे मलाही कळतं. पण अंधाराला घाबरणारी मुलगी स्वतःच भूत होऊन मैत्रिणीच्या दारात उभी राहते आणि मैत्रीण तिला हसत ओळखते, तेव्हा त्या मिठाची एक कणी तरी विरघळत असेल. मी पाठवायचं ठरवलं.

एका गोष्टीला मात्र मी नाही म्हटलं. तिला आधी चेटकिणीची टोपी हवी होती. आपल्या राज्यात चेटकीण, डाकीण ठरवून बायांना मारहाण झालेली आहे, वाळीत टाकलेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही करावा लागला. जो शब्द आजही एखाद्या बाईच्या जिवावर उठू शकतो, तो माझ्या घरात खेळणं होऊ नये असं मला वाटलं. ती रडली. पाच वर्षांच्या मुलीला कायदा काय सांगणार? एवढंच सांगितलं की खरी चेटकीण कुठेच नसते, पण लोक साध्या आज्ज्यांना तसं म्हणतात आणि त्यांना त्रास देतात. पटलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने पांढरी चादर मागितली.

आणि काका-ताईंच्या वादात न आलेली एक गोष्ट. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल", "झोप, नाहीतर पोलीस नेतील", हे आपल्या घरांत वर्षाचे ३६५ दिवस चालतं. हॅलोविनचं भूत तासाभराने चादर काढतं, चॉकलेट खातं. बागुलबुवा चादर कधीच काढत नाही, कारण तो आपल्याला कामाला लागतो. भगवंतांनी जो गुण पहिला मांडला, तोच आपण एका घासासाठी मुलाकडून काढून घेतो. मग संस्कृती नेमकी कुठे बुडते?

आजचा अभ्यास : आठवडाभर कोणत्याही मुलाला भीती दाखवून काही करून घ्यायचं नाही. वेळ जास्त लागेल, घास थंड होईल, होऊ दे. आणि रात्री मुलांना जवळ घेऊन पसायदान म्हणा. त्यात 'भूत' हा शब्द येईल, तेव्हा त्याचा अर्थ नक्की सांगा: प्रत्येक जीव.

राम कृष्ण हरी!