बायबलबाहेरची शुभवर्तमाने आणि मराठी वाचक

पुणे जिल्ह्यातल्या न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघाले की भीमा ओलांडल्यावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळे बायबल मुळातून मराठीत आणले. आश्रमातल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी रमाबाईंनी भाषांतर तडीस नेले. त्यांच्या श्रद्धेला बायबलमधली चार शुभवर्तमाने पुरेशी होती. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यांचा नव्हता, आपला आहे.

थोमाचे, पेत्राचे, मरियेचे, याकोबाचे अशी ही शुभवर्तमाने अधिकृत यादीबाहेर राहिली. त्यांतले थोमाचे ज्यांत मिळाले, त्या १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक भाषेतल्या ग्रंथांची छायाचित्रे आज न्हावऱ्यातल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर फुकट पाहता येतात. साधनांची टंचाई संपली, हे मान्यच. मात्र ‘चर्चने दडवलेले सत्य’ छापाच्या व्हिडिओंमधून या ग्रंथांकडे येणारा वाचक पहिल्याच पायरीवर चकतो.

थोमाचेच घ्या. इंटरनेटवर जुनी इंग्रजी भाषांतरे जास्त फिरतात, कारण त्यांचे हक्क संपले आहेत. एम. आर. जेम्स यांचा संग्रह १९२४ चा. त्यात थोमाच्या नावाखाली भेटतो तो मातीच्या चिमण्या उडवणारा बाळ येशू. ११४ वचनांचे थोमाचे शुभवर्तमान वेगळेच. नाग हम्मादीच्या आधी ते संपूर्ण कोणाला ठाऊकच नव्हते. त्यातही दगड उचलण्याचे आणि लाकूड फोडण्याचे जे वचन कॉप्टिक प्रतीत ७७ व्या जागी आहे, ते जुन्या ग्रीक तुकड्यात तिसाव्याला जोडून येते. पोथ्यांचे पाठभेद ताडून पाहण्याची सवय महानुभावांच्या लीळाचरित्राने मराठी अभ्यासकाला केव्हाच लावली आहे. तीच नजर इथे हवी.

ही नजर नसली की काय होते, ते २०१२ मध्ये दिसले. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी ‘येशूची पत्नी’ असा उल्लेख असलेला कॉप्टिक तुकडा जाहीर केला. पपायरस जुना निघाला, मजकूर मात्र थोमाच्या शुभवर्तमानातले शब्द उचलून जोडलेला. मायकेल ग्रोंडिन यांनी प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी अर्थ देऊन थोमाचा पाठ इंटरनेटवर ठेवला होता. त्याच्या २००२ च्या आवृत्तीत एक अक्षर गळले होते. तुकड्यातही नेमके तेच गळलेले! बनावट करणाऱ्याला आणि ती पकडणाऱ्यांना एकच फुकटचे साधन कामी आले. फरक होता तो भाषा येण्याचा आणि ओळीमागून ओळ ताडून पाहण्याच्या चिकाटीचा. विद्यापीठाचे नाव मोठे असूनही या तपासातून सुटका झाली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

मराठीत सुरुवात करायची तर थोमापासून नको, त्याचा आधीच फार गाजावाजा झाला आहे. याकोबाचे घ्यावे. मरियेचे आईवडील अन्ना आणि योआकिम ही नावे चार शुभवर्तमानांत कुठेच नाहीत. ती आली याकोबाच्या या पुस्तकातून. आणि गोव्यात तळावलीला याच अन्नाचे, म्हणजे सांत आनाचे, भव्य चर्च आहे, तिथल्या फेस्ताला लोक काकड्या वाहतात. यादीबाहेरच्या ग्रंथातली आजी कोकणपट्टीवर इतकी घरची झाली, तरी तिची मूळ कथा मुळाबरहुकूम, टिपांसह मराठीत आणण्यासाठी कोणीतरी आधी ग्रीकचे व्याकरण घेऊन बसायला हवे. केडगावात हे एकदा झालेले आहे.