रंगवलेला पडदा आणि नेवाशाचे उत्तर

लग्नातला अंतरपाट म्हणजे पूर्वी धुतलेले पांढरे वस्त्र आणि त्यावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक, बस. हल्ली त्यावर मोर, कमळे, विठ्ठल-रखुमाई हाताने रंगवून घेतात. मंगलाष्टके संपली की तो दूर होणार हे रंगवणाऱ्याला ठाऊक असते. तरी पाकळीच्या कडेची रेघ तो चुकू देत नाही. इथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. सत्य जर पडद्याआड असेल, तर पडदा देखणा करणे म्हणजे अज्ञानालाच नटवणे नव्हे का? ईशोपनिषदातला ऋषी सत्याचे मुख सोन्याच्या पात्राने झाकले आहे असे म्हणतो आणि ते दूर करण्यासाठी पूषन् देवाला विनवतो. सोन्याचे असले तरी ते झाकणच.

हा पक्ष चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी चित्रकाराच्याच कामातून मांडला. ‘पंचदशी’तल्या ‘चित्रदीप’ प्रकरणात ते पटचित्राच्या चार अवस्था सांगतात: धुतलेले कापड, खळ देऊन घोटलेले, रेखाटलेले आणि रंग भरलेले. शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट यांची जोडी ते या चार अवस्थांशी लावतात. चित्रातल्या माणसांच्या अंगावरही वस्त्रे दिसतात, पण ती रंगाची. खरे कापड एकच, ज्यावर सारे चितारले आहे. म्हणून चित्र कल्पित आणि पट सत्य. युक्तिवाद भक्कम आहे, पण त्यातला दाखला त्यांच्या निष्कर्षाच्याही पलीकडे जातो. चारही अवस्थांत कापड कुठेच दडलेले नाही. मोराच्या निळ्या पिसाऱ्यावर बोट ठेवले तरी बोटाला सूतच लागते.

हे त्याआधीच प्रवरेकाठी ओळखले गेले होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या आरंभीच शब्दब्रह्मरूपी गणेशाच्या अंगावर सुबक पदरचनेचे रंगीत वस्त्र आहे आणि ज्ञानेश्वर ते उतरवत नाहीत. ‘चांगदेव पासष्टी’त ते म्हणतात की लाटांचे आवरण न काढताही पाणी उघडेच असते. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात तर अज्ञान नावाची वेगळी वस्तू मानण्याचेच खंडन आहे. जग हे चैतन्यावरचे झाकण नाही, तो चैतन्याचाच विलास आहे. जपानी घडीच्या पडद्याची, ‘बियोबू’ची, घडण इथे आठवावी. त्याची पाने एका रेषेत सरळ उलगडली तर तो कोसळतो. घड्यांवरच तो उभा राहतो आणि चित्रकारही त्या घड्या धरूनच चित्र बेततो. तिथे आधार आणि आकार वेगळे काढता येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, चित्र धुऊन टाकले तरी कापड उरते, उलट होत नाही. मग दोघांना एका मापाने कसे मोजायचे? मोजूच नये. कापड चित्रावर अवलंबून नाही हे मान्य. पण तेवढ्याने चित्र कापडाला झाकते असे ठरत नाही. दुसरा आक्षेप अंतरपाटाचाच: तो दूर केल्याशिवाय वधू-वरांची नजरभेट होत नाही. खरे आहे, कारण त्याच्या पलीकडे दुसरे माणूस उभे असते. पण परमतत्त्व पटाच्या पलीकडे नाही, ते पटच आहे. मग पडदा सारून मागे काय शोधायचे? तिसरा आक्षेप नेवाशाच्या ग्रामदैवतानेच पुढे केला आहे. मोहिनीराजाच्या कथेत मोहक रूपाने असुर चक्क फसले. मग रूप निर्दोष कसे? उत्तर हे की फसवणुकीला दोन पक्ष लागतात, दाखवणारा आणि पाहणारा. माणसामाणसांत ते असतात, म्हणून तिथे पडद्याआडच्या लबाडीचा जाब विचारलाच पाहिजे. जिथे दुसरा पक्षच नाही, तिथे कोण कोणापासून काय लपवणार?

म्हणून रंगवणाऱ्याचे काम अज्ञानाला नटवणे ठरत नाही. त्याच्यावर एकच बंधन येते: रंगाचा इतका जाड थर देऊ नये की सुताचा पोत बुजून जाईल. वैराग्याने चित्र नाकारण्यापेक्षा चित्र पाहतानाच पट ओळखणे अवघड आहे. ज्ञानेश्वरांनी अवघड तेच पत्करले आणि मोक्षाचा विचार मराठीच्या सगळ्या अलंकारांसकट सांगितला.