ऐकणाऱ्याचे कर्तव्य

दुःखिताचे शेवटपर्यंत ऐकून घेणे ही केवळ सभ्यता, की धर्म होय? आम्हां उपदेशकांची जीभ सदा सिद्ध असते, कान क्वचितच.

गेल्या उन्हाळ्यात परतूर तालुक्यातील एका वृद्ध बाईकडे मी गेलो होतो. तिचा मुलगा ऊसतोडीस गेला तो परतला नव्हता. तिचे अर्धेच सांगून झाले, तोच मी शास्त्रवचन काढून समाधान करू लागलो. "होय, पाळकसाहेब," म्हणून ती चहा ठेवावयास उठली. पुढचे तिने सांगितलेच नाही.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याजपाशी भुईवर मुकाट बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडले आणि चुकले. (अर्थात पुष्कळांचे मौन म्हणजे नुसता कंटाळाच असतो.)

1843 साली बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1873 साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेत त्यांचे भाषण झाले. परंतु जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसविले, ते व्याख्यानाने नव्हे. गावकुसाबाहेरच्या माणसांस वचनाबरोबर घर व जमीनही हवी, हे त्यांनी आधी ऐकून घेतले असले पाहिजे.

पुढील आठवड्यात परतूरकडे जाणे आहे. ग्रंथ पिशवीतच राहील. "मावशी, त्या दिवशी तुमचे सांगणे अर्धे राहिले," एवढेच म्हणेन.